गळ टाकायला बसलात की किती वेळ बसता? (अनुभव धागा)

माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. मे महिन्यात देवगडजवळच्या गावी आजोबांनी त्याच्या हातात गरी, म्हणजे गळ, दिली. तेव्हापासून ठाण्यात दर शनिवारी रात्री विचारणा होते, "आई, उद्या गरवायला जायचं?" मला आवडतं, माहेरी खाडी दारातच होती. घोडं अडतं ते वेळेपाशी. दोन तास हाताशी ठेवून निघालो तर त्यातला पाऊण तास जेमतेम गळ पाण्यात असतो. बाकी सगळा कोळंबी मिळवण्यात, जागा शोधण्यात आणि गुंतलेली दोरी सोडवण्यात जातो. दिवसभर थांबावं तर पोराला ऊन सोसत नाही.

म्हणून तुम्हा सगळ्यांना विचारते. तुम्ही किती वेळ बसता, त्यात गळ पाण्यात किती वेळ असतो, आणि उठायचं हे कशावरून ठरवता? काहीच न मिळालेल्या दिवसांबद्दलही लिहा, ते मला जास्त उपयोगी पडेल.

सुकती-भरती

ताई, खाडीवर घड्याळ चालत नाही, तिथी चालते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ कळते. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा. अमावास्या किंवा पौर्णिमा झाली की पुन्हा एकपासून मोजायचं. दिवसातून दोनदा भरती, साधारण साडेबारा तासांच्या अंतराने. अर्धा-पाऊण तास पुढेमागे होतं आणि खाडीत आत जाल तसं पाणी उशिरा चढतं, पण घरून निघायला एवढं पुरे.

मी भरती पुरी व्हायच्या दोन तास आधी बसतो आणि पाणी फिरल्यावर तासाभरात उठतो. एकूण तीन तास. आमचे आजोबा बांधावरून हाक मारायचे, "सुकतीत काय गावाचा नाय, घराक चल!" काही जागांवर सुकतीला, म्हणजे ओहोटीलाही, मासा खातो, पण आमच्या खाडीत त्यांचं म्हणणं मला अजून खरं वाटतं.

उधाणाच्या दिवसांत (अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास) मात्र तीन तासही मिळत नाहीत. ओढ इतकी असते की शिसं तळाला ठरत नाही, दोरी वाहत जाऊन खडकात अडकते. तेव्हा पाणी थांबतं तेवढाच अर्धा तास खरा. भांगाच्या दिवसांत (अष्टमीच्या आसपास) पाणी संथ, निवांत बसता येतं. मुलाला शिकवायचं तर भांगाचेच दिवस निवडा.

तळ्याकाठचा

आमच्याकडे भंडारा-गोंदियात भरती नाही, जुने मालगुजारी तलाव आहेत. मी मरळीच्या मागे असतो आणि बसत तर नाहीच. मरळ वरून हवा घेते, त्यासाठी तिला थोड्या थोड्या वेळाने पृष्ठभागावर यावं लागतं. पाणवनस्पतींच्या मधे "गप्" असा आवाज होऊन वर्तुळ उठलं की तिथे जायचं, आमिष त्याच्या थोडं पलीकडे टाकून अलगद ओढत आणायचं. उजाडल्यापासून दीड-दोन तास, सगळे काठाने चालण्यात. ऊन तापलं की घर. गळ पाण्यात असण्याची वेळ मोजली तर वीस मिनिटंही भरणार नाही, आणि तरी ही माझ्या आठवड्यातली सगळ्यात भरगच्च वेळ असते.

दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. बरेच तलाव मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात, तिथल्या माणसांना विचारल्याशिवाय गळ टाकू नये. त्यांचं पोट त्यावर आहे. आणि पावसाळ्यात लालसर पिल्लांचा थवा दिसला तर तिथून निघून जावं. खाली नर-मादी दोघं राखण करत असतात. त्या दिवसांत ती आमिषावर झडप घालतात खरी, पण ती भुकेने नव्हे, पिल्लांच्या काळजीने. मोठी मरळ उचलली की सगळा थवा इतर माशांच्या तोंडी जातो.

वेंगुर्ल्याची

पाऊण तास. जेवणं आवरली की चहाच्या आधी. काळुंदर माशाचं तोंड बारीक, म्हणून गळही बारीक आणि कणकेची गोळी शेंगदाण्याहून लहान. घराच्या मागच्या व्हाळाच्या (ओढ्याच्या) तोंडाशी चार-पाच मिळाली की उठते, तेवढी तव्यावर पुरतात. यापेक्षा जास्त वेळ मला कधी मिळालाच नाही, आणि माझ्यासारख्या कितीतरी बायका आमच्या गावात रोज एवढाच वेळ गरवतात. गरवणाऱ्यांच्या गप्पांत त्यांचं नाव येत नाही म्हणून मुद्दाम लिहिलं.

खडपावरचा

मी रत्नागिरी जिल्ह्यातला. वेळेबद्दल विचारलंत म्हणून हे लिहितो. एरवी सांगत नाही.

नोव्हेंबरची पौर्णिमा होती. पौर्णिमेला पहाटे सहाच्या सुमारास पूर्ण ओहोटी, तेव्हा किनाऱ्यापासून सुटा असलेल्या मोठ्या खडपावर (खडकावर) कोरड्या पायांनी चालत जाता येतं. साडेसहाला गेलो. नऊला परतायचं असं घरी सांगितलं होतं. दोन तास काही नाही, फक्त शेंगटी आमिष कुरतडत होती. मग पावणेनऊला तांबोशी लागली. दीड-दोन किलोची असेल, पण खडकाच्या कपारीत शिरायला बघत होती, तिला बाहेर काढण्यात बराच वेळ गेला. नऊला उठायला हवं होतं. मी पुन्हा कोळंबी लावली. जिथे एक तांबोशी लागली तिथे दुसरी असते, हे डोक्यात.

साडेनऊला मागे वळून पाहिलं तर आलो ती वाट नव्हती. मी उभा होतो तो खडक कोरडा होता, लाटासुद्धा खालीच फुटत होत्या. पण खडप आणि किनारा यांच्यामधला भाग सखल, पाणी बाजूने फिरून आधी तिथे भरतं. कमरेइतकं झालं होतं आणि ओढ जोराची. उतरून पाहिलं, दुसऱ्याच पावलाला पाय सुटला. कसाबसा परत चढलो. तिथून दुपारी दोन वाजेपर्यंत त्या खडकाच्या माथ्यावर बसून राहिलो. बाराच्या आसपास उडणारं पाणी अंगावर येत होतं. मोबाइलला रेंज नव्हती. किनाऱ्यावर बायको येऊन उभी राहिलेली दिसली, आणि आम्ही दोघं एकमेकांकडे दोन तास नुसते बघत होतो.

म्हणजे साडेसात तासांची फेरी, त्यात गळ पाण्यात तीन तास. आता खडपावर जाताना परतायच्या वेळेचा गजर लावतो. त्या गजराच्या वेळी मासा दोरीला असेल तर दोरी कापतो. आतापर्यंत दोनदा कापली आहे.

तळेगावकर

धरणावर रोहू-कटल्यासाठी पहाटे पाच ते संध्याकाळी सहा. चारा टाकल्यावर मासे जमायलाच दोन-तीन तास लागतात, लवकर उठलं तर पहिला सगळा वेळ फुकट. काठीला घुंगरू बांधायचं आणि डबा उघडायचा. लहान मुलाला हे नको, कंटाळेल.

थेम्सपार

इंग्लंडमध्ये इथे वेळ आधी विकत घ्यावी लागते. सरकारी परवाना वेगळा, एक दिवसाचा, आठ दिवसांचा किंवा वर्षाचा. खाजगी तळं असेल तर त्याचं तिकीट वेगळं, तेही दिवसाचं नाहीतर चोवीस तासांचं. मी कार्पसाठी बहुतेक अठ्ठेचाळीस तास राहतो. छोटा तंबू, काठ्यांना वाजणारे अलार्म. मिळालेला मासा ओल्या गादीवर ठेवून गळ काढायचा आणि पाण्यात सोडायचा. सांगलीला नदीकाठी वाढलेल्या माझ्या आईला हे अजून पटत नाही. नद्यांवर १५ मार्च ते १५ जून बंदी असते, तेव्हा मी तळ्यावर जातो, पण १६ जूनच्या पहाटेची वाट वर्षभर पाहतो.

अठ्ठेचाळीस तासांत कधीकधी एकदाही अलार्म वाजत नाही. पहाटे तीनला पाण्यावर धुकं असतं, आणि त्या वेळी मला गावाकडचा घाट आठवतो. त्यासाठीही मी जातो, हे इथे पहिल्यांदाच लिहितोय.

धागा काढणारी

सगळ्यांचे मनापासून आभार. खडपावरच्या दादांचा प्रतिसाद मुलाला मोठ्याने वाचून दाखवला. त्याने दोनदा ऐकला.

दिवाळीत गावी आलोय. षष्ठीला सहा पाऊण साडेचार, म्हणून अडीचला बांधावर बसलो आणि साडेपाचला उठलो. तीन तासांत गळ पाण्यात दोन तास दहा मिनिटं, मुलाने वहीत मांडून ठेवलंय. एक शेंगटी मिळाली. तिचा काटा लागला की हात ठणकतो म्हणून आजोबांनी पकडीने धरून गळ काढून दाखवला. भरती पाचला पुरी झाली, गणितापेक्षा अर्धा तास उशिरा. तेही वहीत आहे.

द्वादशीला तुळशीचं लग्न, त्यामुळे आता त्रयोदशी. पावणेदहा अधिक अर्धा तास. सव्वाआठला निघतोय.