सांगलीचा उन्हाळा आणि दोन फुटी टँकमधले कोरल (प्रवाळ) : पाणी गार करणारा चिलर घ्यावाच लागेल का?

विश्रामबाग_तिसरा_मजला
नमस्कार मंडळी. दोन फुटी समुद्री टँक आहे, साधारण ५५ लिटर पाणी. दोन क्लाउनफिश, एक मशरूम कोरल आणि झोआंथिडचा (झोआ, फुलांसारखे उघडणारे छोटे समुद्री जीव) एक गुच्छ. दिवाळीपासून छान चाललं होतं. मार्च लागला तसे झोआ उघडायचे बंद झाले, मशरूम आक्रसून बोराएवढं झालंय. डोक्यावर स्लॅब, दुपारी पाणी ३१ अंशांवर जातं. बजेट ६ हजार. काय करू?

मिरजेचा_मत्स्यप्रेमी
चिलर घ्या. मी २२ हजारांना घेतला, पाणी बारा महिने २५ वर. काटा हलत नाही.

विश्रामबाग_तिसरा_मजला
दादा, बजेट ६ आहे.

मिरजेचा_मत्स्यप्रेमी
एकदाच खर्च होतो ओ. कोरलच्या अंगात शेवाळ राहतं, त्याच्यावरच ते जगतं. पाणी तापलं की शेवाळ बाहेर पडतं आणि कोरल पांढरं होतं. मग पैसे वाचवून काय मिळवलं?

कृष्णाकाठ
लाइट गेल्यावर चिलर काय करणार? २०१९ च्या महापुरात आमच्याकडं कित्येक दिवस वीज नव्हती. पंप बंद, पाण्यातला प्राणवायू संपला. आठ वर्षं जपलेला टँक तिसऱ्या दिवशी संपला, अजून आठवलं की पोटात कालवतं. आधी बॅटरीवरचा एअर पंप घ्या.

कोकणवारी
पाणी बदला. मी दर महिन्याला रत्नागिरीहून कॅन भरून आणतो. पाकिटातल्या मिठाला त्याची सर नाही. मागं मालवणहून दगडी कोरलचा तुकडाही आणला होता.

सातारकर_ताई
दादा, तसा तुकडा परत आणू नका. कठीण कोरल वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंगतीत. उचलणं गुन्हा आहे.

कोकणवारी
किनाऱ्यावर पडलेला होता ताई, मेलेला.

सातारकर_ताई
मेलेला असला तरी. आणि बंदराजवळच्या पाण्यात डिझेल उतरतं, पावसाळ्यात नद्यांमुळं खारेपणाही घटतो.
मूळ प्रश्नाकडं येते. संगणकातले दोन छोटे पंखे टँकच्या काठावर तिरके लावा, वारा पाण्यावरून गेला पाहिजे. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात दोन-तीन अंश उतरतात. वर काचेऐवजी जाळी ठेवा, क्लाउन उडी मारतात. मात्र पाणी रोज उडून जाईल. ते सध्या कशानं भरता?

विश्रामबाग_तिसरा_मजला
मिठाच्या पाण्यानं. समुद्री टँक आहे म्हणून.

सातारकर_ताई
घोळ तिथं आहे! वाफ होते ती पाण्याची, मीठ खालीच राहतं. वर आणखी मीठ घालत गेलात. रिफ्रॅक्टोमीटरनं (खारेपणा मोजायचं साधन) मोजा, पाण्याची विशिष्ट घनता १.०२५ च्या आसपास हवी; जास्त म्हणजे मीठ जास्त.

मिरजेचा_मत्स्यप्रेमी
चिलर असला की पाणी एवढं उडतच नाही.

विश्रामबाग_तिसरा_मजला
कोल्हापूरच्या मित्राकडून आणून मोजलं. १.०३१.

सातारकर_ताई
घाबरू नका, पण एकदम उतरवूही नका. रोज थोडं टँकचं पाणी काढा, तेवढंच आरओचं घाला, आठवडा जाऊ द्या. बोअरचं अजिबात नको. आणि झोआ हाताळताना हातमोजे घाला. त्यांच्यात पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असू शकतं, जखमेतून अंगात गेलं तर महागात पडेल.

कृष्णाकाठ
एअर पंपाचं विसरू नका, परत सांगतो.

विश्रामबाग_तिसरा_मजला
दहा दिवसांनी सांगतोय. १.०२६ वर आलं, काल चार झोआ उघडले. सगळ्यांचे आभार, ताईंचे जास्त. पण पंखे नाही लावले. गावभागात आजीचा जुना वाडा आहे, जाड भिंती, दुपारीही खोली गार. टँक रविवारी तिकडं हलवला. पाणी २७ वर आहे. आजी रोज खुणेपर्यंत आरओचं पाणी घालते.

कृष्णाकाठ
गावभागात? अहो, तिथं तर पुराचं पाणी येतं!

विश्रामबाग_तिसरा_मजला
ठाऊक आहे काका. मृगाचा पाऊस लागला की परत तिसऱ्या मजल्यावर.

मिरजेचा_मत्स्यप्रेमी
वर्षातनं दोनदा टँक हलवणार? माझा जुना चिलर १५ ला देतो, बघा.