यशाची गोष्ट नसलेले, तरीही अलीकडे मनापासून आवडलेले काही सुचवाल का?

लष्करवासी (ग्वाल्हेर)

नमस्कार. अलीकडे वाचलेल्या-पाहिलेल्यांपैकी काय आवडले, असे विचारले की बहुतेक वेळा नावांची यादी हाती येते आणि त्या यादीवरून आपल्याला काय मानवेल याचा काहीच अंदाज येत नाही. म्हणून माझा प्रश्न थोडा अडवून विचारतो. आमच्या घरी गेले वर्षभर चरित्रपटांचा रतीब लागला आहे. कोणी खेळाडू, कोणी उद्योजक, कोणी सेनापती; सुरुवातीला अपमान, मध्यंतराच्या आसपास हार आणि शेवटी टाळ्या, हा क्रम इतका पाठ झाला आहे की पार्श्वसंगीत वाढू लागले की आता नायक रडणार, हे आमच्या सौभाग्यवती पोळ्या लाटता लाटता आतून सांगतात.

या पार्श्वभूमीवर चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’ मी उशिरानेच पाहिला आणि तो डोक्यातून जात नाही. २०२० साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याला उत्कृष्ट पटकथेचा पुरस्कार मिळाला होता, हे ठाऊक होते. पण पुरस्कारप्राप्त चित्रपटांविषयी मनात एक अढी असते, त्यामुळे टाळत आलो. शरद नेरूळकर हा शास्त्रीय गायक होऊ पाहणारा तरुण आहे. तो आळशी नाही, लबाड नाही, गुरुजींची सेवा करतो, रियाज चुकवत नाही आणि तरीही त्याचे गाणे जेमतेमच राहते. सुरुवातीलाच गुरुजी मैफलीत गात आहेत आणि मागे तानपुरा धरून शरद बसला आहे. हळूहळू आपले लक्ष गुरुजींवरून त्याच्या चेहऱ्यावर जाते. तिथे कौतुक आहे, तृप्ती आहे आणि हे आपल्याला कधी जमेल का, अशी एक बारीकशी भीतीही आहे. पुढचा सगळा चित्रपट त्या भीतीचा आहे. लगेचच्या आठवड्यात गायक वसंतराव देशपांडे यांच्यावरील ‘मी वसंतराव’ पाहिला. तो आवडला, गाणे तर उत्तमच आहे, परंतु शेवटी टाळ्या येणार हे ठाऊक असल्यामुळे मन निर्धास्त राहिले.

तेव्हा ज्याच्या शेवटी कोणी जिंकत नाही, किंवा जिंकले तरी ते महत्त्वाचे ठरत नाही, असे पुस्तक, चित्रपट वा मालिका सुचवावी. मात्र कथानक सांगण्याऐवजी त्यातील एखादा प्रसंग असा सांगावा की ज्यामुळे ती कृती आपल्याला आवडली.


तंबोरा (ग्वाल्हेर)

लष्करवासी, ‘द डिसायपल’विषयी आपण लिहिले आहे त्याच्याशी मी सहमत आहे, ‘मी वसंतराव’विषयी नाही. आधी सहमतीचे सांगते. मी अनेक वर्षे गाणे शिकवते आणि आमच्या या गावात, जिथे माधव संगीत महाविद्यालय १९१८ पासून उभे आहे आणि दर हिवाळ्यात तानसेन समारोह भरतो, तिथे शरदसारखे विद्यार्थी मी पुष्कळ पाहिले आहेत. चित्रपटांत गायकाची भूमिका करणारा नट तोंड हलवतो आणि आवाज दुसऱ्याचा असतो, हे आपण गृहीतच धरलेले असते. येथे शरद झालेले आदित्य मोडक स्वतः गायक आहेत आणि गुरुजी झालेले अरुण द्रविड हे जयपूर-अत्रौली परंपरेतले गायक आहेत. त्यामुळे शिकवणीच्या दृश्यांत चूक दुरुस्त करताना होणारी ती किंचित अधीरता आणि शिष्याच्या चेहऱ्यावरची पुसट शरम कोणालाही अभिनय करून आणता आली नसती.

मला सर्वांत लागलेला भाग मात्र रात्रीच्या रस्त्यांचा आहे. शरद दुचाकीवरून निर्मनुष्य मुंबईतून संथपणे जात असतो आणि कानांत माईंची, म्हणजे गुरुजींच्या गुरूंची, जुनी ध्वनिमुद्रित व्याख्याने चालू असतात. माई पडद्यावर कधीच दिसत नाहीत. त्यांचा आवाज सुमित्रा भावे यांचा आहे, आणि त्या आवाजात इतका अधिकार आहे की, कलावंताने उपाशी राहावे, एकटे राहावे, अशी वाक्ये ऐकताना आपणही मान डोलावतो. चित्रपट पुढे सरकतो तशी हीच वाक्ये त्या मुलाच्या मानगुटीवर बसली आहेत, हे कळू लागते. शिकवणाऱ्या प्रत्येकाने हे पाहावे. मी पाहिल्यानंतर वर्गात बोलताना काही ठरावीक वाक्ये वापरण्याचे सोडून दिले आहे.

आता असहमती. ‘मी वसंतराव’ ही यशाची गोष्ट आहे, असे आपल्याला वाटते, कारण आपण वसंतराव देशपांडे यांना शेवटाकडून ओळखतो. त्यांचा जन्म १९२० चा, आणि ज्या ‘कट्यार काळजात घुसली’मधील खाँसाहेबांनी त्यांचे नाव घरोघरी नेले ते नाटक रंगभूमीवर आले १९६७ साली. मधली वर्षे त्यांनी सैन्याच्या हिशेब खात्यात कारकुनी केली. निपुण धर्माधिकारी यांनी चित्रपटाचा बराच वेळ या मधल्या वर्षांना दिला आहे, हे आपण कसे विसरलात? नागपूरला शंकरराव सप्रे यांच्याकडे, म्हणजे विष्णु दिगंबर पलुस्करांच्या शिष्याकडे, ते शिकले. तेव्हा ग्वाल्हेर घराण्याचा धागा त्यांच्या गळ्यात होताच. पण ते एकाच घराण्याचे होऊन राहिले नाहीत आणि त्याची किंमत त्यांनी चुकवली. शेवटच्या टाळ्या मलाही जरा जास्त वाटल्या, एवढे मान्य करते.


मोडीवाचक (ग्वाल्हेर)

चित्रपटांचे मला फारसे कळत नाही, म्हणून पुस्तक सुचवतो. विष्णुभट गोडसे वरसईकर यांचा ‘माझा प्रवास’. नाव आपण सर्वांनी ऐकलेले असते, शाळेत एखादा उताराही वाचलेला असतो आणि म्हणूनच ते पुस्तक पुरते वाचलेले लोक कमी भेटतात. मीही लहानपणी वाचले होते. यंदाच्या उन्हाळ्यात नव्याने वाचायला घेतले आणि जेवणाच्या ताटावरही ते हातातून सुटेना.

आपल्या अटीत हे तंतोतंत बसते. पेणजवळच्या वरसई गावचा हा गरीब भिक्षुक, डोक्यावर कर्ज झालेले, घरची माणसे नको म्हणत असताना काकांबरोबर निघाला तो आपल्या ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे करणार असलेल्या यज्ञातील दक्षिणेच्या आशेने. साल १८५७. वाटेत शिपाई भेटतात, काडतुसांची हकिकत सांगतात आणि थोड्याच दिवसांत भडका उडणार असल्याचे बजावतात. तरीही हे दोघे पुढेच जातात, कारण मागे फिरून घरी काय सांगायचे हा प्रश्न त्यांना बंडापेक्षा मोठा वाटतो. ज्याचा इतिहासाशी काहीही संबंध नाही असा माणूस इतिहासाच्या मध्यभागी जाऊन पडतो आणि त्याला सतत काळजी असते ती कमरेच्या दक्षिणेची.

प्रसंग मागितला आहे, म्हणून झाशीचा सांगतो. १८५८ च्या वसंतात ह्यू रोजच्या फौजेने शहर घेतल्यावर गोडसे लपून बसलेले आहेत आणि बाहेर लूट चालू आहे. ते ती लूट एखाद्या कारकुनाने नोंद ठेवावी तशी सांगतात: आधी सोने-नाणे, मग तांब्यापितळेची भांडी, मग कापडचोपड, धान्यदेखील. कुठेही आक्रोश नाही, इंग्रजांना शिव्याशाप नाहीत. हंडे आणि घागरी गेल्यावर घरात पाणी कशात भरायचे, हा विचार वाचणाऱ्याच्या मनात आपोआप येतो आणि त्या एका विचाराने शहर उद्ध्वस्त होणे म्हणजे काय, ते समजते. लढायांची वर्णने मी पुष्कळ वाचली आहेत. अंगावर काटा आणणारी ही एकच.

राणी लक्ष्मीबाईंचे दर्शनही असेच आहे. काल्पीकडच्या वाटेवर त्या तहानेने व्याकूळ झालेल्या भेटतात, गोडसे विहिरीतून पाणी काढू लागतात तेव्हा विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी हे करू नये म्हणून त्या दोर स्वतःच्या हाती घेतात. फूलबागेतील समाधीसमोरून मी आयुष्यभर ये-जा करत आलो, परंतु ती बाई तहानलेली होती असे कधी मनात आले नव्हते. येथील शेवटच्या लढाईच्या वेळी गोडसे ग्वाल्हेरात नव्हते, त्यामुळे तो भाग ऐकीव आहे आणि तो तितकासा पकड घेत नाही, हेही नमूद करतो.

मिळवलेली दक्षिणा वाटेत पुन्हा पुन्हा लुटली गेली. गृहस्थ घरी परतले ते गंगेच्या पाण्याची कावड खांद्यावर घेऊन, आणि त्या पाण्याने आईवडिलांना स्नान घातले. यात कोणी जिंकले का, हे आपणच ठरवावे.

एक सूचना मात्र आवर्जून करतो. १९०७ साली चिंतामण विनायक वैद्य यांनी हे पुस्तक प्रथम छापले, तेव्हा इंग्रजी राज्य डोक्यावर होते आणि त्यांनी मजकुरात बरेच फेरफार केले. मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ पुढे १९६६ मध्ये दत्तो वामन पोतदार यांनी प्रसिद्ध केला. वाचायचा तर तो वाचावा. वाक्ये जुन्या वळणाची आहेत, पहिली वीसेक पाने अडखळायला होते, नंतर तो माणूस ओसरीवर बसून सांगत असल्याप्रमाणे कानाला सवय होते.


इंदूरकर मावशी (इंदूर)

थोडक्यात लिहिते. अविनाश अरुण यांचा ‘थ्री ऑफ अस’ पाहा. हिंदी आहे, परंतु घडतो वेंगुर्ल्यात. स्मृती हळूहळू जाऊ लागलेली शैलजा लहानपणच्या गावी आणि लहानपणच्या मित्राकडे जाते, आणि तिचा नवरा तिच्यासोबत असतो. शेफाली शाह आणि जयदीप अहलावत यांचे कौतुक सर्वांनीच केले आहे. माझे लक्ष त्या नवऱ्यावर होते, आणि ते केवळ स्वानंद किरकिरे आमच्या इंदूरचे आहेत म्हणून नव्हे. बायको दुसऱ्या माणसाबरोबर इतकी मोकळी का होते, हे त्याला कळत नाही, कळते तेव्हा दुखते, आणि भांडावे तर कोणाशी, हेही त्याला समजत नाही. असा अवघडलेला, सभ्य, काहीसा कंटाळवाणा नवरा आपल्या चित्रपटांत क्वचितच दिसतो. घरोघरी मात्र असतो.


चंबळकाठ (मुरार, ग्वाल्हेर)

मी येथे विरोधी मत मांडणार आहे. यशाच्या गोष्टींचा कंटाळा येणे हे ज्यांच्या घरात दोन-तीन पिढ्या शिकलेल्या आहेत त्यांना परवडते. विधु विनोद चोप्रा यांचा ‘बारहवीं फेल’ मी अलीकडेच आमच्या भाच्यांसोबत पाहिला आणि आम्हाला तो निखालस आवडला. मुरैना आमच्यापासून किती अंतरावर आहे हे आपणा सर्वांना माहीत आहे, आणि त्या शाळेतील कॉपीचे दृश्य पाहताना आमच्यापैकी कोणालाही अतिशयोक्ती वाटली नाही. शिक्षकच उत्तरे पुरवत आहेत, आणि एक अधिकारी येऊन ते बंद पाडतो. पुढे चित्रपटाचा नायक मनोज कॉपी न करता तिसऱ्या श्रेणीत उत्तीर्ण होतो. तिसऱ्या श्रेणीचा आनंद पडद्यावर साजरा झालेला मी पूर्वी पाहिलेला नाही, आणि माझ्या मते चित्रपटाचा कळस तोच आहे. स्पर्धा परीक्षेचा अंतिम निकाल त्यापुढे काही नाही.

दिल्लीला गेल्यावर तो रात्री पिठाच्या गिरणीत काम करतो. त्या कोंदट खोलीत पापण्यांवर पीठ साचलेले असताना तो पुस्तक उघडतो, ते दृश्य पाहून आमचा मोठा भाचा, जो स्वतः स्पर्धा परीक्षांची तयारी करत आहे, उठून बाहेर गेला. आपल्या अटीनुसार हा चित्रपट बाद होतो, हे मला मान्य आहे. परंतु यातील गौरीभैयाचा विचार करावा. त्याचे सर्व प्रयत्न संपतात, शेवटचा निकालही विरुद्ध जातो, आणि तो चहाचे दुकान टाकून इतर मुलांना मार्ग दाखवू लागतो. आपण शोधत असलेला माणूस तोच आहे, फक्त तो नायकाच्या शेजारी उभा आहे.


लष्करवासी (ग्वाल्हेर)

सर्वांचे आभार. तंबोरा ताई, मधल्या वर्षांचा आपला मुद्दा बिनतोड आहे. ‘मी वसंतराव’ पुन्हा पाहीन, मात्र शेवटचा भाग गाळून. मोडीवाचक काका, पोतदारांची प्रत आपल्याकडे असल्यास आठवडाभर द्यावी, मी ती वर्तमानपत्राचे वेष्टन घालून जपेन. मावशी, ‘थ्री ऑफ अस’ काल रात्रीच पाहिला. त्या नवऱ्याविषयी आपण लिहिले नसते तर माझे सगळे लक्ष कोकणातल्या वाटांकडेच राहिले असते.

चंबळकाठ, आपल्या पहिल्या वाक्याचा मला थोडा राग आला होता, पण गौरीभैयापाशी येऊन तो उतरला. ‘पंचायत’ मालिकेच्या पहिल्या दोन हंगामांत मला जे आवडले तेही हेच होते, असे आता लक्षात येते: चांगली नोकरी न मिळाल्यामुळे नाइलाजाने फुलेऱ्यात आलेला सचिव त्या गावातही काही मोठे करून दाखवत नाही, आणि दुसऱ्या हंगामाच्या अखेरीस गावच्या उपप्रधान प्रल्हादच्या घरी जे घडते त्यापुढे त्याची परीक्षा, पगार, बदली हे सगळे क्षुल्लक होऊन जाते. ती मालिका आपल्याच सीहोर जिल्ह्यात चित्रित झाली आहे, त्यामुळे ओसऱ्या आणि हातपंपसुद्धा ओळखीचे वाटतात. पुढच्या हंगामांत निवडणुकीचे डावपेच वाढले आणि माझा रस कमी झाला.

गौरीभैयावर स्वतंत्र चित्रपट निघाला असता तर मी तो पहिल्या दिवशी पाहिला असता.


चंबळकाठ (मुरार, ग्वाल्हेर)

निघाला असता तर शेवटी त्याच्या चहाच्या दुकानाच्या पन्नास शाखा उघडलेल्या दाखवल्या असत्या. तो शेजारीच उभा राहिलेला बरा.