लक्ष्यवेधी की लक्षवेधी?

अनुवादिनी: रुग्णांसाठीच्या एका पुस्तिकेचं भाषांतर करतेय. विषय फोटोडायनॅमिक थेरपी: औषध शिरेतून द्यायचं, गाठीत साठू द्यायचं, मग तिथे प्रकाश टाकायचा. 'टार्गेटेड ड्रग डिलिव्हरी'ला मी 'लक्ष्यवेधी औषधवहन' लिहिलं, तर मुद्रितशोधकांनी 'य' उडवला. आता औषध लक्षवेधी झालंय, साडीसारखं! दुसरा शब्द सुचवा. 'फोटोसेन्सिटायझर'लाही, म्हणजे प्रकाश पडल्यावरच काम करणाऱ्या या औषधालाही, शब्द हवाय.

वेलांटी: संस्कृतात 'लक्ष' म्हणजे निशाणसुद्धा. 'य' गेला म्हणून आभाळ कोसळत नाही.

कोशकीटक: संस्कृतात असेल हो, पुस्तिका मराठीत आहे! आणि माझा आक्षेप 'वेधी'लाच आहे. फोटोफ्रिन हे असलंच एक औषध. ते टोचल्यावर ४० ते ५० तासांनी ६३० नॅनोमीटरचा लाल प्रकाश देतात. तोवर ते गाठीत नुसतं बसून असतं. प्रकाश पडला की शेजारचा ऑक्सिजन उग्र रूप घेतो नि ती पेशी मरते. हा ऑक्सिजन मायक्रॉनभरही लांब जात नाही. म्हणजे वेध घेतो प्रकाश, औषध फक्त जाऊन पोचतं. 'लक्ष्यगामी' म्हणा.

साधंसोपं: गामी-बिमी कशाला? 'नेमक्या जागी औषध पोचवणं' लिहा.

कोशकीटक: नेमक्या कुठलं? तेच फोटोफ्रिन त्वचेतही उतरतं, म्हणून पुढे किमान ३० दिवस उन्हापासून जपावं लागतं. हा नेम सुधारायलाच तर प्रकाशाने जागं होणारं रंगद्रव्य प्रतिपिंडाला (अँटिबॉडीला, जी ठरावीक पेशींनाच चिकटते) जोडायची युक्ती निघाली. तसलं एक औषध डोक्या-मानेच्या कर्करोगासाठी जपानने २०२० साली मान्य केलं.

ओवी: जर्मन शास्त्रज्ञ पाउल एर्लिखची, फक्त रोगालाच गाठणारी 'जादूची गोळी' हीच ना? आपल्याकडे 'रामबाण' तयार आहे की!

वेलांटी: रामबाण म्हणजे हमखास. रुग्णाच्या हातात असला शब्द देऊ नये. आणि मराठीत 'गोळी' म्हटलं की लोक पाणी शोधतात.

साधंसोपं: उपचाराचं नाव 'प्रकाशोपचार' ठेवलंय का?

अनुवादिनी: नाही, तो बाळाच्या काविळीसाठी अडकलाय. 'किरणोपचार' म्हणजे रेडिएशन. म्हणून मूळ नावच ठेवलं. फोटोसेन्सिटायझरचं सांगा ना कुणीतरी. 'प्रकाशसंवेदी' म्हटलं की कॅमेऱ्याची फिल्म आठवते, 'संवेदक' म्हटलं की सेन्सर.

साधंसोपं: फोटोसेन्सिटायझरच लिहा. डॉक्टर तेच म्हणणार, रुग्णही तेच ऐकणार.

वेलांटी: असंच करत करत मराठीत फक्त 'आहे' आणि 'नाही' उरेल.

ओवी: माझी आजी रेडिएशनला 'शेक' म्हणायची. किती सोपं!

कोशकीटक: इथे शेक चालणार नाही, ताई. हा प्रकाश ऊतक (टिश्यू) भाजून काढत नाही.

वेलांटी: 'ऊतक' हिंदी वळणाचं. मराठीत 'ऊती', स्त्रीलिंगी.

कोशकीटक: दोन्ही 'वे' धातूचे, म्हणजे विणणे. हिंदीचा काय संबंध?

ओवी: विणणं? मग सरळ 'वीण' का नको?

साधंसोपं: वीण मांजराची असते.