तुर्की ‘दिये’ आणि आपलं ‘म्हणून’

प्रश्न : तुर्की शिकायला नुकती सुरुवात केली आहे. ‘दिये’ हा शब्द सारखा आडवा येतो. कोशात ‘कारण’, ‘नावाचा’, ‘असे’, ‘यासाठी’ असे बरेच अर्थ दिलेत. कुठला लक्षात ठेवायचा?

उत्तर : एकही नको, फक्त ‘म्हणून’ लक्षात ठेवा. ‘देमेक’ म्हणजे म्हणणे, त्यापासून ‘दिये’. जसं ‘म्हणणे’वरून ‘म्हणून’. आता ही वाक्यं पाहा.

यामूर वार दिये चकमादम : पाऊस आहे म्हणून बाहेर पडलो नाही. शब्दांचा क्रमसुद्धा तोच!

आयशे दिये बिर कझ : आयशे म्हणून एक मुलगी.

ने दिये गेल्दिन? : काय म्हणून आलास?

शेवटचं मला फार आवडतं. साधं ‘का आलास’ विचारायला तुर्कीत ‘नेदेन’ आहे. ‘ने दिये’मध्ये किंचित दटावणी असते, आणि आपल्या ‘काय म्हणून’मध्येही ती आहेच. हिंदीतून तुर्की शिकणाऱ्याला ही वाट नाही. कानडी-तेलुगू येणाऱ्यांना मात्र ती लगेच सापडेल, कारण त्यांच्याकडेही ‘म्हणणे’ या क्रियापदाचंच रूप हे काम करतं.

जाता जाता : ‘गेल’ म्हणजे ‘ये’. ‘गेल्दी’ ऐकून कुणी गेलं असं समजू नका, ती व्यक्ती आली आहे. आला, आली, आलं या तिन्हींना ‘गेल्दी’च, कारण तुर्कीत लिंगभेद नाही.

प्रश्न : मग ‘गेलमिश’ म्हणजे?

उत्तर : ‘आला म्हणे’. स्वतः पाहिलं असेल तर गेल्दी, कुणाकडून कळलं असेल किंवा दारातल्या चपला पाहून ताडलं असेल तर गेलमिश. ताडलेल्याला मराठीत ‘आलाय वाटतं’ म्हणू. म्हणून ‘मी काल इझमिरला गेलो’ हे सांगताना ‘मिश’ लावू नका. आपण गेल्याचं आपल्यालाच दुसऱ्याकडून कळलं, असं ऐकणाऱ्याला वाटेल. तुर्की लोककथांची सुरुवात याच प्रत्ययाने होते : ‘बिर वारमश, बिर योकमुश’, एक होतं म्हणे, एक नव्हतं म्हणे. मिश, मश, मुश, म्युश हा एकच प्रत्यय आहे, आधीच्या स्वराप्रमाणे बदलतो. ‘दिये’ मात्र कधी बदलत नाही.

प्रश्न : ‘तो डॉक्टर म्हणून काम करतो’ याचं मी ‘दोक्तोर दिये चालशयोर’ केलं. बरोबर आहे ना?

उत्तर : नाही, इथे जोडी तुटते. ‘या नात्याने’ अशा अर्थाचा ‘म्हणून’ असेल तर ‘ओलाराक’, म्हणजे ‘होणे’ या क्रियापदाचं रूप : दोक्तोर ओलाराक चालशयोर. वाक्याच्या सुरुवातीला येणारा ‘म्हणून’ही दिये नव्हे. ‘पाऊस होता. म्हणून आलो नाही,’ यातल्या ‘म्हणून’ला ‘ओनुन इचिन’ म्हणा, शब्दशः ‘त्यासाठी’.