62 झेल, 885 यार्ड, 8 टचडाऊन, आणि तरीही पोरगा 'फेल'?

सोनोरन (फिनिक्स)

NFL मधल्या (अमेरिकन फुटबॉल) ॲरिझोना कार्डिनल्सचा 2024 चा मोसम 8-9 वर (8 जिंकले, 9 हरले) संपला, पण आमच्या फॅन्टसी लीगच्या (खऱ्या खेळाडूंच्या आकड्यांवर खेळायच्या काल्पनिक संघांच्या) ग्रुपवर अजून एकाच माणसाचं श्राद्ध घालणं चालू आहे: मार्विन हॅरिसन ज्युनिअर.

हा खेळ न बघणाऱ्यांसाठी थोडक्यात. ओहायो स्टेट कॉलेजचा हा वाइड रिसीव्हर (लांब पळून चेंडू झेलणारा) 2024 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या पोरांच्या निवडीत, चौथा उचलला गेला. त्याच्या आधीचे तिघेही क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारे), म्हणजे बाकी सगळ्या पोरांत हा पहिला. चार वर्षांचा करार, साडेतीन कोटी डॉलरच्या आसपास. वडील कोल्ट्सचे मार्विन हॅरिसन, हॉल ऑफ फेमवाले. एवढ्या भांडवलावर लोकांनी त्याला मोसम सुरू व्हायच्या, म्हणजे सप्टेंबरच्या आधीच 1,400 यार्ड (झेल घेऊन पुढे नेलेलं अंतर) देऊन टाकले होते.

बफेलोविरुद्ध पहिल्या सामन्यात एक झेल, 4 यार्ड. लगेच रडारड. पुढच्या रविवारी रॅम्सविरुद्ध पहिल्याच क्वार्टरमध्ये (सामन्याच्या पाव भागात) चार झेल, 130 यार्ड, दोन टचडाऊन (चेंडू शेवटच्या रेषेपार नेणं), त्यातलं एक 60 यार्डांचं. लगेच पुतळा उभारायची तयारी. त्यानंतर वर्षभर प्रत्येक सामन्याकडून त्या एका क्वार्टरची अपेक्षा!

आता हे बघा. वडिलांचं पहिलं वर्ष, 1996: 64 झेल, 836 यार्ड, 8 टचडाऊन. लॅरी फिट्झजेराल्ड, आमचाच, 2004 चा तिसरा पिक (ड्राफ्टमधली निवड): 58 झेल, 780 यार्ड, 8 टचडाऊन. जेरी राइस, 1985: 927 यार्ड आणि फक्त 3 टचडाऊन, शिवाय हातातून सुटलेले चेंडू वेगळेच. या यादीत आपला पोरगा कुठे कमी पडला ते मला कुणीतरी सांगा.

खडूस कोल्हापुरी

मी सांगतो. यादी सोयीची आहे.

फिट्झजेराल्ड दिसला, मग त्याच्या एकच वर्ष आधी त्याच कार्डिनल्सकडे आलेला अँक्वान बोल्डिन कसा दिसला नाही? 54 वा पिक. पहिल्याच सामन्यात 217 यार्ड, मोसमात 101 झेल, 1,377 यार्ड. संघ भंगार होता, तरी.

आणि 1985, 1996 चे आकडे आज कशाला? तेव्हा सामने 16, आता 17. तेव्हा कॉर्नर (रिसीव्हरला अडवणारे बचावपटू) रिसीव्हरला धरून ठेवायचे आणि पंच बघत राहायचे. पाच यार्डांपुढे हात लावायचा नाही, या नियमाची खरी कडक अंमलबजावणी 2004 पासूनची. तुलना करायची तर त्याच्याच वर्गातल्या, म्हणजे 2024 च्याच ड्राफ्टमधल्या पोरांशी करा. ब्रायन थॉमस ज्युनिअर, 23 वा पिक, 1,282 यार्ड, 10 टचडाऊन. मलिक नेबर्स, सहावा, 1,204. लॅड मकॉन्की, 34 वा, 1,149. तिघेही हॅरिसननंतर निवडले गेले आणि तिघांनीही हजार ओलांडले. चौथा पिक देऊन वर्गात चौथा माणूस आणला, आणि चाहत्यांनी गप्प बसायचं?

अनघा (न्यू जर्सी)

न्यूयॉर्क जायंट्सवाली आहे, नेबर्स आमचाच, त्यामुळे दुःखाचा अनुभव तुम्हा दोघांपेक्षा जास्त. 3-14.

नेबर्सचे आकडे मिरवताना एक सांगायला हवं. त्याच्याकडे चेंडू 170 वेळा फेकला गेला, कारण दुसरं कुणी नव्हतंच. आणि कौतुक तरी किती टिकलं? वॉशिंग्टनविरुद्धचा दुसरा सामना आठवा. आमचा किकर सुरुवातीलाच जायबंदी, त्यामुळे फील्ड गोल (लाथ मारून चेंडू खांबांमधून घालणं) मारायला माणूसच नाही. नेबर्सनं 10 झेल, 127 यार्ड, एक टचडाऊन केलं. शेवटी चौथ्या डाऊनला (चारपैकी शेवटच्या प्रयत्नाला) एक चेंडू हातातून निसटला, आम्ही 21-18 हरलो, आणि घरी येईपर्यंत आमच्या कारमध्ये सगळं खापर त्या एकवीस वर्षांच्या पोरावर. किकरविना खेळणाऱ्या संघाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. तेव्हा आकडे हजाराच्या वर गेले म्हणून लोक सोडतात, या भ्रमात राहू नका.

सोनोरन

अनघाताई, धन्यवाद, माझं अर्धं काम केलंत. नेबर्सकडे 170 वेळा, हॅरिसनकडे 116 वेळा. प्रत्येक फेकीमागे यार्ड काढा: नेबर्स साधारण 7.1, हॅरिसन 7.6. आमचा क्वार्टरबॅक कायलर मरीनं आमच्याच ट्रे मॅकब्राइडला 147 वेळा शोधलं. ताटात वाढलंच नाही तर पोरगा खाणार काय?

खडूस कोल्हापुरी

गणित अर्धवट सोडू नका. 116 पैकी झेल 62, म्हणजे 53 टक्के. नेबर्स 64 टक्के. आणि थॉमसकडे 133 वेळाच चेंडू आला, तरी 1,282! तेही त्याच्या संघाचा क्वार्टरबॅक लॉरेन्स दुखापतग्रस्त असताना, कितीतरी सामने बदली क्वार्टरबॅक मॅक जोन्सच्या फेकीवर.

चौथा डाऊन

दोघेही आकड्यांत अडकलात. तो उभा कुठे राहतो ते बघा ना.

हॅरिसन बहुतेक वेळा बाहेरच्या बाजूला, खेळी सुरू होते त्या थेट रेषेवर. समोर कॉर्नर हातभर अंतरावर. खेळी सुरू झाली की पहिला धक्का छातीवर बसतो (हाच 'प्रेस'), मग पळायचं. मकॉन्की बराच वेळ आत, स्लॉटमध्ये (कडेच्या रिसीव्हरच्या आतल्या जागी), रेषेच्या पाऊलभर मागे. त्याला हात लावायला कुणी जवळ नसतं आणि दोन्ही बाजूंना वळायची मुभा असते. दोघांच्या झेलांची टक्केवारी एका तराजूत घालणंच चूक.

शिवाय कॉलेजमधून वर आल्यावर मैदानच बदलतं. कॉलेजमध्ये हॅश मार्कांमधलं (खेळी ज्यांच्या आत सुरू होते त्या आखणीच्या दोन रांगांमधलं) अंतर 40 फूट, इथे साडेअठरा. म्हणजे कॉलेजात चेंडू एका कडेला ठेवला की दुसऱ्या बाजूला रिसीव्हरला पळायला मोकळं रान मिळतं, इथे ते नाही. कॉलेजात झेल घेताना एक पाय आत टेकला तरी चालतो, इथे दोन्ही लागतात. सीमारेषेलगतच्या लांब फेकीत हा एक पाय फार महाग पडतो, आणि हॅरिसनकडे नेमक्या अशाच फेकी जास्त.

माझा राग म्हणून कोचिंगवर आहे. सहा फूट तीन इंचांचा, रूट (धावायचे ठरलेले मार्ग) इतके नेटके धावणारा पोरगा, आणि त्याला त्याच बाजूला उभा करून "पळ सरळ" सांगायचं? मोशनला (खेळी सुरू होण्याआधी आडवं धावायला) पाठवा, आत आणा, धावत असताना चेंडू द्या. मैदानाच्या मधोमध तो किती कमी दिसला, हे ज्यानं पूर्ण सामने बघितले त्याला विचारा. हायलाइट्सवर जगणाऱ्यांना नाही समजणार. (खडूसराव, हे तुम्हाला नाही. हलके घ्या.)

रात्रपाळी (नाशिक)

रॅम्सचा सामना इथे रात्री दीडला सुरू झाला होता, सोमवारचं ऑफिस डोक्यावर घेऊन बघितला. मला तरी हे आडनावाचं ओझं वाटतं. रोहन गावसकरचं काय झालं आठवा. 11 वनडे खेळला, पण ओळख कायम सुनीलचा मुलगा हीच.

खडूस कोल्हापुरी

नाही हो. आडनावावर चौथा पिक मिळत नाही. ओहायो स्टेटमध्ये सलग दोन मोसम 1,200 च्या वर यार्ड, दोन्हींत 14-14 टचडाऊन, 2023 ला सर्वोत्तम रिसीव्हरचा बिलेटनिकॉफ पुरस्कार. अपेक्षा त्याच्या स्वतःच्या खेळानं तयार केल्या. सहानुभूती देऊन त्याला लहान करू नका.

चौथा डाऊन यांचा प्रतिसाद मात्र कामाचा आहे. पण प्रेस तोडता येणं ही पहिल्या पाच पिकांकडून किमान अपेक्षा नाही का? जमार चेज 2021 चा पाचवा पिक. सरावसामन्यांत हातातून चेंडू सुटत होते म्हणून त्याचीही टिंगल झाली. मोसम सुरू झाल्यावर 1,455 यार्ड, 13 टचडाऊन.

सोनोरन

चेजच्या हाताशी क्वार्टरबॅक बरो होता, कॉलेजपासूनचा. आणि फिट्झजेराल्डचं दुसरं वर्ष सांगायचं राहिलं: 103 झेल, 1,409 यार्ड. कॅल्विन जॉन्सन पहिल्या वर्षी 756, दुसऱ्या वर्षी 1,331, तेही एकही सामना न जिंकलेल्या लायन्सकडून. थांबणाऱ्यांना मिळालं.

अनघा

कोरी डेव्हिसला थांबणाऱ्यांना काय मिळालं? 2017 चा पाचवा पिक, पहिलं वर्ष 375 यार्ड, टचडाऊन शून्य. पुढे एकदाही हजार नाही. त्याच ड्राफ्टमधला नववा जॉन रॉस, पहिल्या वर्षी एक झेलसुद्धा नाही. या दोघांच्या चाहत्यांनीही तेव्हा फिट्झजेराल्डचंच उदाहरण दिलं असणार. 885 हे त्या खड्ड्यापासून खूप वर आहे, एवढंच मी म्हणेन. फिट्झजेराल्ड वगैरे नंतर.

खडूस कोल्हापुरी

हे मान्य. 'बस्ट' (वाया गेलेला पिक) मी एकदाही म्हटलं नाही, वर जाऊन बघा. मी 'महाग' म्हणतोय.

चौथा डाऊन

मग सप्टेंबरात यार्ड मोजू नका. पहिले तीन सामने फक्त एवढंच बघा: किती वेळा तो आतून सुरू करतो, आणि किती वेळा मरी दुसऱ्या पावलालाच त्याच्याकडे बघतो. ते वाढलं नसेल तर खडूसरावांसोबत मीही शिव्या घालायला येतो, फक्त माझ्या शिव्यांचा पत्ता वेगळा असेल.

खडूस कोल्हापुरी

चालेल. तोवर माझ्या फॅन्टसी संघात थॉमस.