मेहंदीच्या केसांवर कलर बसतो का? मदत हवी आहे

मैत्रिणींनो, आईचे केस जवळजवळ सगळे पांढरे झालेत आणि ती बरीच वर्षं मेहंदीच लावते, त्यामुळे मुळाशी पांढरं नि खाली भगवं असं दिसतं, आता तिच्या भाच्याचं लग्न आलंय तर तिला डार्क ब्राऊन हवाय. पार्लरवाली म्हणते अमोनिया फ्री लावू, काही होत नाही. अहो पण अमोनिया नसला तरी बऱ्याच परमनंट कलरमध्ये पीपीडी (केस गडद करणारं रसायन) असतंच ना, आणि अ‍ॅलर्जी येते ती जास्त करून त्यानेच, म्हणून मी पॅच टेस्टचा हट्ट धरलाय, कानामागे थोडा कलर लावून ४८ तास थांबायचं, खाज-पुरळ येते का बघायला. (बाजारातल्या काळ्या मेहंदीतही बऱ्याचदा पीपीडीच असतं, पाकीट वाचून घ्या!)

तर मेहंदीवर डार्क ब्राऊन सगळीकडे सारखा येतो का, की मुळं वेगळी टोकं वेगळी दिसतात? पांढऱ्यासाठी २० व्हॉल्यूम डेव्हलपर (कलरमध्ये मिसळायचं पेरॉक्साइड, २० म्हणजे त्याची तीव्रता) पुरतो ना? की मेहंदी धुऊन सरळ इंडिगो पावडर (निळीच्या पानांची) लावू? ती लावल्यावर पुढे कधी रंग हलका करायला गेलं तर हिरवट झाक येऊ शकते, पण आईला कुठे हलका करायचाय म्हणा. कुणी घरी केलं असेल तर प्लीज सांगा, किती वेळ ठेवलंत तेही.