कर्जाच्या करारात देशाचे हात नेमके कुठे बांधले जातात?

वाटसरू: बलाढ्य देश गरीब देशांना कर्जाच्या सापळ्यात अडकवतात, असं म्हणताना दाखला हमखास श्रीलंकेतल्या हंबनटोटा बंदराचा दिला जातो. पण कर्ज तर सगळेच देश काढतात. मग पकड कशात असते, व्याजात की अटींत? करार हाती आला तर आधी काय बघायचं?

खतावणी: हंबनटोटाचा हिशोब सहसा चुकीचा मांडतात. २०१७ मध्ये ते बंदर ९९ वर्षांच्या पट्ट्याने चिनी कंपनीकडे गेलं, सुमारे ११२ कोटी डॉलरना. त्या पैशातून बंदराचं कर्ज मिटलं नाही, तो परकीय गंगाजळीत गेला. देशाला डॉलरची चणचण होती आणि त्यात खाजगी रोखेधारकांचं देणं मोठं होतं. नुसतं चीनकडे बोट दाखवलं की हे सावकार नजरेआड होतात.

करारात आधी बघा, कायदा कुठला लागू आहे. डॉलर रोख्यांना बहुधा न्यूयॉर्कचा किंवा इंग्लंडचा असतो. मग सार्वभौम संरक्षण, म्हणजे परक्या कोर्टात खेचलं जाण्यापासून आणि मालमत्ता जप्त होण्यापासून देशाला असलेलं संरक्षण, सोडून दिलंय का ते बघा. २०१२ मध्ये अर्जेंटिनाचं नौदलाचं जहाज 'लिबर्टाड' थकलेल्या रोख्यांपायी घानात अडकवलं गेलं ते हे संरक्षण सोडल्याच्याच आधारावर. युद्धनौका म्हणून सागरी कायद्याच्या न्यायाधिकरणाने ते सोडवलं. साध्या सरकारी मालमत्तेला युद्धनौकेसारखी सूट मिळत नाही.

सगळ्यात जाचक अट एस्क्रो खात्याची. तेल विकल्याचे पैसे परदेशातल्या खात्यात जमा होतात, हप्ता आधी कापला जातो आणि उरलं तर सरकारला. भाव निम्मे झाले की त्याच हप्त्यापायी दुप्पट पिंपं जातात, आणि तेवढा पैसा पगार-औषधांतून कमी होतो.

रोखेबाजार: कर्ज पुढे कुणालाही विकता येतं का, हेही बघा. रोमानियाने १९७९ मध्ये झांबियाला शेतीच्या यंत्रांसाठी कर्ज दिलं होतं. १९९९ मध्ये डोनेगल इंटरनॅशनल या, थकलेली कर्जं स्वस्तात घेऊन पूर्ण वसुली मागणाऱ्या 'गिधाड' कंपनीने ते ३३ लाख डॉलरच्या आसपास विकत घेतलं, तेही झांबियाची रोमानियाशी तडजोडीची बोलणी चालू असताना. पुढे त्यांनी साडेपाच कोटी डॉलरचा दावा लावला. २००७ मध्ये लंडनच्या कोर्टाने दीड कोटीच्या वर रक्कम मंजूर केली. कर्जमाफीतून वाचलेला पैसा असा गिधाडांच्या घशात जातो, हे संतापजनक आहे. ब्रिटनने २०१० मध्ये कायदा करून अशा वसुलीला मर्यादा घातली.

रोख्यांत ७५ टक्के धारकांचा निर्णय सर्वांवर बंधनकारक करणारं कलम असेल, तर अडून बसणाऱ्याचं बळ कमी होतं. जुन्या रोख्यांत ते प्रत्येक मालिकेपुरतंच, म्हणजे एका वेळी काढलेल्या रोख्यांच्या गटापुरतंच असतं. एका छोट्या मालिकेतले २५ टक्क्यांहून जास्त रोखे हाती आले की तडजोड रोखता येते.

वाटसरू: जागतिक बँकेचं कर्ज असताना तेल दुसऱ्याकडे तारण ठेवता येतं?

खतावणी: तिच्या आयबीआरडी या मुख्य कर्ज देणाऱ्या शाखेच्या करारात त्याविरुद्ध कलम असतं: सरकारची किंवा सरकारच्या ताब्यातल्या कंपनीची मालमत्ता परकीय कर्जासाठी दुसऱ्याला तारण दिली तर बँकेलाही तितकाच हक्क मिळतो. तरीही ते सहज दिसू नये म्हणून तारण सरकारच्या नावाने न ठेवता सरकारी तेल कंपनीच्या किंवा खास काढलेल्या कंपनीच्या नावाने ठेवायचा प्रकार चालतो. तेव्हा अर्थसंकल्पात शोधत बसू नका, त्या कंपनीचा ताळेबंद आणि त्यातली हमी देण्याची नोंद काढा.